बुडणारा थेंब

बाटलीत निळं पाणी होतं. मोरचुदाचं. तंत्रज्ञ मुलीनं माझ्या भाच्याच्या अनामिकेला सुई टोचली, बोटावर फुललेला रक्ताचा थेंब बारीक नळीत ओढून घेतला आणि जरा वरून त्या निळ्या पाण्यात सोडला. थेंब क्षणभरही रेंगाळला नाही. दगड पडावा तसा सरळ तळाशी गेला. "सूपर अन्ना," ती म्हणाली. फॉर्मवर खूण करून तिनं त्याला आतल्या खाटेकडे पाठवलं.

"बघितलंस आत्या? पास," भाचा म्हणाला.

आषाढातला रविवार होता. हैदराबादेत देवीच्या बोनालू सणाचे दिवस होते. काचीगुडा आणि बरकतपुऱ्याच्या मधल्या एका गल्लीत, एका जिमच्या तळमजल्यावर रक्तदान शिबिर भरलं होतं. वजनांचे रॅक भिंतीला सरकवून तीन खाटा मांडल्या होत्या. कोपऱ्यात बिस्किटं आणि ज्यूसची खोकी होती. खाटेवर पडलेल्या पोरांच्या दंडावर शीर शोधावी लागत नव्हती. दोरखंडासारख्या शिरा वर आलेल्या होत्या. भाच्याची बॅग पाच-सहा मिनिटांत भरली. रक्त काळपट, जाड दिसत होतं. निदान मला तरी तसं वाटलं, कारण तो कशासाठी रक्त देतोय हे मला ठाऊक होतं.

यंदाच्या अंकाचा विषय 'दान' आहे, असं संपादकांनी जूनमध्ये कळवलं. त्याच आठवड्यात मामेभावाशी फोनवर बोलताना पोराची चौकशी केली. "तो वर्षातून चार-पाचदा रक्त देतो," भाऊ अभिमानानं म्हणाला. मलाही कौतुक वाटलं. मग भाच्यानं फोन घेतला आणि गच्चीवर जाऊन हळूच सांगितलं, "द्यावंच लागतं आत्या. नाही दिलं तर डोकं ठणकतं, कान वाजतात." जानेवारीत त्याचं हिमोग्लोबिन १८.९ होतं. निरोगी पुरुषाचं साधारण १३ ते १७ असतं. वय सव्वीस, आणि आठवड्याला दोनदा मांडीत टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन. नाव छापायचं नाही, जिमचंही नाही, या बोलीवर तो मला सगळं दाखवायला तयार झाला. नांदेडहून रात्रीच्या गाडीनं मी काचीगुड्याला उतरले.

तालीम

हैदराबादेत मराठी माणूस पाहुणा नाही. निजामाच्या राज्यात मराठवाडा होता, तेव्हा शिकायला, नोकरीला, वकिलीला माणसं इथंच येत. १९५६ साली भाषावार प्रांत झाले आणि मराठवाडा निघून गेला, पण घरं राहिली. काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा, जांबागेतली विवेकवर्धिनी शाळा. इथल्या दखनीत 'नक्को' आहे, जोर द्यायला लावलेला 'च' आहे. दोन्ही मराठीतून गेलेले. आणि एक शब्द दोघांचाही आहे: तालीम.

मामेभावाचे वडील, म्हणजे माझे मामा, सुलतान बाजाराकडे तालमीत जात. लाल माती, तेल, जोर, बैठका, मुद्गल. पलीकडे जुन्या शहरात आणि बारकसमध्ये पहिलवानांचे आखाडे. बारकस ही निजामाच्या अरब शिपायांच्या बराकींवरून नाव पडलेली वस्ती. तिथल्या पहिलवानकीचा दरारा अजून सांगतात. खुराक म्हणजे दूध, बदाम, मटणाचा रस्सा. शरीर कमवायला पाच-सात वर्षं लागत आणि ती लागणारच, याबद्दल कुणाची तक्रार नसे.

आता गल्लोगल्ली जिम आहेत. बोनालूच्या मिरवणुकीत देवीच्या घटांपुढे अंगाला हळद फासून, हातात कोरडा घेऊन नाचतो तो पोतराजू. आपल्या मरीआईच्या पोतराजाचाच हा तेलंगी भाऊ. जिममधल्या पोरांना त्या जागेचं फार आकर्षण. भाच्याचा एक मित्र यंदा पोतराजू होणार होता. मार्चपासून त्याची तयारी चालली होती. "आषाढापर्यंत दिसायला पाहिजे ना," तो मला म्हणाला. चार महिन्यांत दिसायचं, तर दूध-बदामाला तेवढा वेळ नसतो.

'सामान'

जिममध्ये या औषधांना 'सामान' म्हणतात. टेस्टोस्टेरॉन म्हणजे 'टेस्ट', नँड्रोलोन म्हणजे 'डेका', बोल्डेनोन म्हणजे 'ईक्यू', ट्रेनबोलोन म्हणजे 'ट्रेन'. बारा-सोळा आठवडे घ्यायचं त्याला 'सायकल'. सायकल संपली की थांबायचं असतं, पण पुष्कळ जण थांबत नाहीत, डोस कमी करून चालूच ठेवतात. यातलं बोल्डेनोन मुळात घोड्यांसाठीचं औषध आणि ट्रेनबोलोन गुरांच्या वजनवाढीसाठीचं. हे पोरांना माहीत आहे. उलट ते थोड्या अभिमानानंच सांगतात.

ज्या पुरुषाच्या अंगात हे संप्रेरक कमी आहे, त्याला डॉक्टर आठवड्याला साधारण शंभर मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन देतात. भाचा पाचशे घेत होता. जिममध्ये हा सुरुवातीचा डोस समजला जातो. कायद्यानं ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत. चिठ्ठी लागत नाही, ट्रेनर लागतो. इथल्या वरिष्ठ ट्रेनरनं मला चहा पाजला आणि समजावलं, "देखो मॅडम, सब डोस का खेल है. मेरेकू बीस साल हो गए. खून गाढा हुआ तो एक बॅग निकाल के आ जाने का, बस. सवाब भी मिलता, सेहत भी." सवाब म्हणजे पुण्य. हे तो मनापासून बोलत होता. त्याच्या कपाटात रक्तदानाची पंचवीसएक प्रमाणपत्रं होती.

औषध स्नायूंसाठी घेतलं, मग रक्त का वाढतं? आपल्या अंगात लोहाचं कोठार आहे आणि त्याच्या किल्ल्या यकृतातून निघणाऱ्या हेप्सिडिन नावाच्या पदार्थाकडे असतात. लोह किती आत घ्यायचं, किती बाहेर सोडायचं, ते तो ठरवतो. टेस्टोस्टेरॉन वाढलं की हेप्सिडिन घटतं आणि कोठार सताड उघडतं. त्याच वेळी मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन जास्त सुटतं. हाडांच्या मगजाला, म्हणजे अस्थिमज्जेला, तांबड्या पेशी बनवायचा हुकूम तेच देतं. हुकूमही आला, मालही आला. मज्जा रात्रंदिवस पेशी घडवत राहते, आणि एकेक तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते.

हा दुष्परिणाम कुणी चुकून शोधलेला नाही. एकेकाळी ही औषधं नेमकी यासाठीच दिली जात. ज्यांची मज्जा वाळून जाते अशा अप्लास्टिक अॅनिमियाच्या रुग्णांना ऑक्सिमेथोलोन, स्टॅनोझोलोल, डॅनॅझोल देत आले आहेत. डायलिसिसवरच्या रुग्णांचं रक्त वाढवायला नँड्रोलोन देत. १९८९ साली कृत्रिम एरिथ्रोपोएटिन अमेरिकेत बाजारात आलं, तेव्हा कुठे ते मागे पडलं. सोल ऑलिम्पिकमध्ये १९८८ साली बेन जॉन्सनचं पदक गेलं ते याच स्टॅनोझोलोलमुळे. एकच गोळी, एका वॉर्डात रक्त नसलेल्याला रक्त देते आणि जिममध्ये भरपूर असलेल्याला आणखी भरते.

तार्नाक्यात राष्ट्रीय पोषण संस्था आहे. देशातल्या रक्तक्षयाचा अभ्यास तिथं वर्षानुवर्षं चालू आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. भाच्याची आई, माझी वहिनी, त्या सत्तावन्न टक्क्यांतली. तिचं हिमोग्लोबिन ९.६. एकाच स्वयंपाकघरातला डबा, एकाच ताटातली भाकरी. मायलेकांचे दोन रिपोर्ट टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून मी बराच वेळ बसले होते.

दाट

रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा म्हणजे हिमॅटोक्रिट. ढोबळ मानानं हिमोग्लोबिनच्या तिप्पट. भाच्याचा जानेवारीत ५७ टक्के होता. टेस्टोस्टेरॉनचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, ५४च्या वर गेलं की औषध थांबवा. पन्नासच्या पुढे रक्त नुसतं थोडं जाड होत नाही, पुढच्या प्रत्येक टक्क्याला दाटपणा झपाट्यानं वाढत जातो. बासुंदी आटवणाऱ्याला हे कळेल: बराच वेळ काही होत नाही आणि मग पाच मिनिटांत डाव जड होतो.

ते ढकलायला हृदयाला जोर लागतो. डोकं दुखतं, चेहरा लाल राहतो, नाकाचा घोळणा फुटतो, कान वाजतात, रक्तदाब चढतो. पायात गुठळी धरते आणि तिथून सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मेंदूत गुठळी झाली तर अर्धांगवायू. शिवाय ही औषधं चांगलं कोलेस्टेरॉल पाडतात आणि हृदयाची भिंत जाड करतात. २०२३ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. पाच हजार दोनशेहून जास्त पुरुष, वय ४५ ते ८०, टेस्टोस्टेरॉन कमी असलेले, औषध डॉक्टरी मात्रेत. हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, पण फुप्फुसात गुठळी जाण्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत जास्त निघालं. हे मोजूनमापून दिलेल्या डोसचं. त्याच्या पाचपट, दहापट घेणाऱ्या पंचविशीतल्या मुलांवर अशी चाचणी करायला कुठली नीतिसमिती परवानगी देईल?

स्पर्धेच्या आधीचे दोन दिवस सगळ्यांत वाईट. कातडीखालचं पाणी निघून स्नायू कोरीव दिसावेत म्हणून पाणी तोडतात, लघवी होण्याच्या गोळ्या घेतात. पेशी तेवढ्याच, पाणी कमी. मंचावरच्या दिव्यांखाली पोरगा सर्वांत सुंदर दिसतो, त्या घटकेला त्याचं रक्त सर्वांत दाट असतं.

भाच्याला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याच्या फोनमध्ये रिपोर्टांचा स्वतंत्र फोल्डर होता. दर सहा आठवड्यांनी तो पॅथॉलॉजीत जाऊन यायचा, आकडे वहीत उतरवायचा. इतकी काळजी घेणारा मुलगा बेपर्वा कसा म्हणायचा? त्याला वाटत होतं, आकडा आपल्या मुठीत आहे. वाढला की बॅग, उतरला की पुन्हा सुई.

तुंबडी

रक्त काढून माणूस बरा करायची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. सुश्रुतानं शिराव्यध सांगितला, जळवा सांगितल्या. आमच्या गावाकडं तुंबडी लावणारी बाई यायची. हैदराबादेत युनानीची परंपरा भरभक्कम आहे. चारमिनारजवळच निजामिया तिब्बी कॉलेज आहे. शीर उघडण्याला युनानीत 'फस्द' म्हणतात आणि पेले लावून रक्त ओढण्याला 'हिजामा'. हिजामाची केंद्रं शहरात जागोजागी आहेत. जिममधली काही पोरं रक्त 'हलकं' करायला तिथं जातात. पाठीवर गोल लाल वण घेऊन परततात. हिजामात निघणारं रक्त पेल्यांच्या तळाला मावतं. रक्तपिशवीत ३५० किंवा ४५० मिलिलिटर निघतं. ज्याचा हिमॅटोक्रिट ५७ आहे, त्याच्या अंगावरच्या त्या वणांनी काही हलत नाही.

बाटलीला विचारता न येणारा प्रश्न

शिबिरातल्या त्या निळ्या बाटलीबद्दल मी नंतर एका रक्तकेंद्रातल्या ज्येष्ठ डॉक्टरबाईंना विचारलं. मोरचुदाचं ते पाणी मोजून केलेलं असतं, विशिष्ट गुरुत्व १.०५३. रक्तात साडेबारा किंवा जास्त हिमोग्लोबिन असेल, तर थेंब पाण्याहून जड ठरतो आणि पंधरा सेकंदांत बुडतो. कमी असेल तर तरंगतो किंवा अडखळतो. आपल्या नियमात रक्तदात्याला किमान साडेबारा लागतं. पुष्कळ ठिकाणी आता आकडा दाखवणारं यंत्र असतं, पण शिबिरांच्या गर्दीत ही बाटली अजून खपते. स्वस्त आहे, विजेवाचून चालते.

"आमची सगळी चाळणी कमी रक्तवाल्याला अडवायला बांधलेली आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अॅनिमियाच्या देशात ते बरोबरच आहे. जास्तवाला आला की आम्ही खूश होतो."

थेंब बुडाला, एवढंच बाटली सांगते. तेराचा बुडतो, एकोणीसचाही बुडतो.

मग प्रश्नावली. कावीळ झाली होती का, गोंदवून घेतलं का, दात काढला का. आपल्याकडे बऱ्याच फॉर्मवर अलीकडे घेतलेल्या औषधांच्या चौकटी असतात: अँटिबायोटिक, अॅस्पिरिन, स्टेरॉइड. भाच्यानं 'स्टेरॉइड'पुढे 'नाही' लिहिलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, "ते दम्याचं असतं ना, तसलं." खरं तर त्याला कळत होतं. पण फॉर्म तेलुगू आणि इंग्रजीत होता, मागे रांग होती, ट्रेनर शेजारी उभा होता आणि विचारणारी मुलगी मान वर करत नव्हती. अशा वेळी खरं लिहिणं म्हणजे सगळ्या जिमसमोर ओरडून सांगणं. ब्रिटनमध्ये रक्तदात्याला शरीरसौष्ठवासाठी टोचून घेतलेल्या औषधांबद्दल वेगळं, नाव घेऊन विचारतात. आपल्याकडे तसा एक साधा प्रश्न, एका बंद खोलीत विचारला, तर अर्धं काम होईल असं मला वाटतं.

हे विचारायचं कशासाठी? पहिलं कारण सुईचं. औषधाची बाटली एक, पोरं चार. सुई नवी घेतात, पण भरताना तीच सुई पुन्हा बाटलीत जाते. प्रत्येक बॅगेची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासणी होते. पण लागण नवी असेल, तर काही आठवडे ती तपासणीत सापडत नाही. त्या काळात बॅगेचं रक्षण फक्त दात्याचं खरं बोलणं करतं.

दुसरं कारण माझ्या लक्षातच आलं नव्हतं. या संप्रेरकांनी केस गळतात, म्हणून पोरं फिनास्टेराइड घेतात. पाठभर पुरळ येतं, म्हणून आयसोट्रेटिनॉइन. ही दोन्ही औषधं गर्भाला घातक आहेत. शेवटची गोळी घेतल्यावर महिनाभर रक्त द्यायचं नसतं, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं. भाचा दोन्ही घेत होता.

आणि अंतर. पुरुषानं दोन रक्तदानांत ९० दिवस ठेवायचे असतात. भाच्यानं मला तीन वेगवेगळ्या केंद्रांची कार्डं दाखवली. फेब्रुवारी, मार्चचा शेवट, मे. चौथं आत्ताचं. एका केंद्राला दुसऱ्याचं कळलं नव्हतं.

डॉक्टरबाईंकडे मी गेले होते ती त्याच रविवारी दुपारी. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "आज सकाळी दिलंय म्हणता? कुठल्या केंद्रात?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग अजून वेळ आहे. तपासण्या होईपर्यंत बॅग वेगळ्या फ्रीजमध्ये असते. त्याला फोन करायला सांगा. कार्डावर युनिट नंबर असतो. कारण सांगायची सक्ती नाही, एवढंच म्हणायचं की माझं रक्त कुणाला देऊ नका."

लेकरू

संध्याकाळी मी भाच्याला एका रक्तसंक्रमण कक्षात घेऊन गेले. थॅलॅसेमियाच्या मुलांना तिथं रक्त चढवतात. या आजारात मज्जा चांगलं हिमोग्लोबिन बनवूच शकत नाही, म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी बाहेरून रक्त द्यावं लागतं, जन्मभर. शिवरामपल्लीतली थॅलॅसेमिया अँड सिकल सेल सोसायटी १९९८ पासून हेच काम करते आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर देशभर बंदी आली. विकणारे गेले, आता सगळी भिस्त देणाऱ्यांवर. हैदराबादेत नटांच्या वाढदिवसालाही चाहते रक्तदानाला रांगा लावतात. चिरंजीवींच्या नावाची रक्तपेढीही त्याच वर्षी सुरू झाली.

कक्षात एक बाई मराठी बोलताना ऐकू आली. नांदेड जिल्ह्यातली, सात वर्षांची मुलगी घेऊन आलेली. मुलीच्या हाताला चिकटपट्टी, वर बॅग, आणि ती मांडीवरच्या वहीत मोर रंगवत होती. "दर वीस दिसाला येतो बाई," आई म्हणाली. "रक्त चढलं की लेकरू दुसऱ्या दिशी उड्या मारतंय. ज्याचं हाय त्याला बघितलं बी नाही कधी. देवमाणूसच म्हणायचं."

भाचा खाली बघत होता.

तिथल्या डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. प्रत्येक बॅगेत दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह असतं. शरीराला जास्तीचं लोह बाहेर टाकायची वाटच नाही. मुलीला बॅगेमागून बॅग चढते आणि ते लोह तिच्या यकृतात, हृदयात साचत जातं. ते काढायला रोज वेगळं औषध घ्यावं लागतं. इकडे भाच्याच्या अंगातून प्रत्येक बॅगेबरोबर तेवढंच लोह निघून जातं. त्याच्या ताज्या रिपोर्टात हिमोग्लोबिन १७.८ होतं आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन फक्त १२. कोठार जवळजवळ रिकामं. मज्जेला संप्रेरकाचा हुकूम चालूच, रक्त काढलं की एरिथ्रोपोएटिनचा आणखी एक हुकूम, आणि माल नाही. मग ती लहान लहान पेशी बनवते. रक्त दाट ते दाटच आणि वर लोहाच्या टंचाईचा थकवा. "जिन्यावर दम लागायचा," भाचा म्हणाला. "मला वाटलं डोस कमी पडतोय."

"पण माझ्या बॅगेत तर पेशी जास्त असतात," त्यानं डॉक्टरांना विचारलं. "तिला फायदाच होईल ना?" पोराच्या आवाजात खरी आशा होती. डॉक्टर चिडले नाहीत. तांबड्या पेशी म्हणजे विष नव्हे, ते म्हणाले. अमेरिकेत काही केंद्रांना टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचं रक्त स्वीकारायची खास परवानगी आहे. पण तिथं दात्याकडे डॉक्टरची चिठ्ठी लागते, औषध काय, किती, हे लिहिलेलं लागतं. त्यातल्या फक्त तांबड्या पेशी वापरतात. प्लाझ्मा रुग्णाला देत नाहीत, कारण संप्रेरक त्यात असतं. "तुझ्या बाटलीत काय होतं ते तुला तरी ठाऊक आहे का?" या प्रश्नाला भाच्याकडे उत्तर नव्हतं. लेबलवर एक परदेशी नाव होतं, एवढंच.

बाहेर पायरीवर बसून त्यानं कार्ड काढलं, नंबर लावला. तेलुगूत बोलला. युनिट नंबर दोनदा वाचून दाखवला. पलीकडच्यांनी काही विचारलं नाही, फक्त आकडा परत उच्चारून घेतला. मी ज्या शिबिरात उभी राहून ती बॅग भरताना बघत होते, तिथंच हे बोलायला हवं होतं. मी बोलले नाही, कारण मला लेखासाठी सगळं पाहायचं होतं.

पिवळी पिशवी

दाट रक्त काढून टाकायची सरळ वाट आहे. डॉक्टर चिठ्ठी देतात, रक्तकेंद्र रक्त काढतं, बॅगेवर ते रुग्णाला देण्यासाठी नाही अशी नोंद होते. याला दान म्हणत नाहीत, उपचार म्हणतात. प्रमाणपत्र मिळत नाही, ज्यूस मिळतो. मी अशी एक बॅग पाहिली. चाळिशीचे गृहस्थ, कापडाचे व्यापारी, 'तरुण वाटावं' म्हणून कुणाच्या तरी सल्ल्यानं दोन वर्षं इंजेक्शनं घेत होते. हिमॅटोक्रिट ६०. एका डोळ्याला अंधारी आली, तेव्हा दवाखान्यात आले. रक्त इतकं सावकाश येत होतं की तंत्रज्ञ दोनदा नळी तपासून गेला. भरलेली बॅग पुढे जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेली. ते बघत राहिले. "पूरा वेस्ट?" त्यांनी विचारलं. "हौ," तंत्रज्ञ म्हणाला.

पण हा उपचारही तात्पुरता. एका बॅगेनं हिमोग्लोबिन साधारण एकानं उतरतं, आणि सुई चालू असेल तर मज्जा ते भरून काढते. २०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या रक्तदात्यांच्या नोंदी तपासल्या. पुन्हा पुन्हा रक्त देणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांचं हिमोग्लोबिन पुढच्या खेपेलाही १८ किंवा त्याहून जास्त भरलं. ट्रेनरच्या कपाटातल्या पंचवीस प्रमाणपत्रांचा हिशेब मला तिथं लागला.

भाच्याला संप्रेरकतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी रक्त काढू दिलं नाही. फेरिटिन १२ असताना आणखी काढायचं नाही, म्हणाले. इंजेक्शन बंद. जुन्या पेशी आपल्या मुदतीनं मरतील, तीन-चार महिन्यांत आकडा उतरेल. लोहाच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत, कारण संप्रेरकाचा अंमल असेपर्यंत मज्जा त्या लोहाचं पुन्हा रक्तच करेल. त्याचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बाहेरच्या पुरवठ्यानं झोपलेलं होतं. ते जागं व्हायला महिने लागतील. त्या काळात अंग गळेल, मन उदास होईल, आरशात रोज थोडं कमी दिसेल. "हे आधी सांगतोय," डॉक्टर म्हणाले, "कारण बहुतेक मुलं इथंच परत सुईकडे वळतात. तेव्हा आधी मला फोन कर."

श्रावण संपता संपता मी पुन्हा गेले. टी-शर्ट दंडावर सैल झाला होता. पहाटे उठवत नाही, म्हणाला. जिम सोडलेली नव्हती, पण सुई सोडली होती, सात आठवडे. हिमोग्लोबिन १६.४. वहिनीनंही तपासून घेतलं होतं आणि तिला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. जेवायच्या आधी ती गोळी घ्यायला विसरते, म्हणून तोच आठवण करत होता.

जेवताना त्याचा फोन वाजला. जिमचा व्हॉट्सअॅप ग्रुप. बी पॉझिटिव्ह हवं, उद्या सकाळी, मूल, वय पाच. एकेक जण अंगठा टाकत होता. कुणीतरी याचं नाव लिहून विचारलं, "तू येतोस ना?" भाच्यानं डाव्या हातानं लिहिलं, "मेरा खून अभी नहीं चलता." लगेच प्रश्न आला, "कैकू?"

त्यानं ताट बाजूला सरकवलं, हात धुऊन आला आणि लिहायला बसला. वहिनीनं भात वाढू का विचारलं, तरी मान वर केली नाही. बराच वेळ लिहीत होता.